महागडी ड्रायव्हर, तरी थ्रो आखूड? आधी स्लो मोशन बघा

तलासरीच्या मित्राने डिस्क गोल्फची ड्रायव्हर आणली आणि आम्ही थेट डहाणूचा किनारा गाठला. वाटलं, साध्या फ्रिस्बीच्या दुप्पट जाईल. डिस्क वर चढली, थबकली आणि डावीकडे वाळूत पडली! मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ काढला, तेव्हा चूक कळली.

ड्रायव्हरची कड रुंद आणि पातळ असते, म्हणून ती हवा कापते. पण त्यासाठी वेग लागतो. वेग कमी पडला, तर उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली डिस्क लवकरच डावीकडे वळते.

व्हिडिओत तीन गोष्टी तपासा:

पुढची कड: सुटताना ती वर असेल तर हवेचा अडथळा वाढतो आणि डिस्क वरच थांबते. आमची चूक हीच होती. कड आडवी किंवा किंचित खाली ठेवा.

फिरकी: भोवरा जोरात फिरतो तोवर उभा राहतो, मंदावला की डुलतो. डिस्कचंही तसंच. पकड शेवटपर्यंत घट्ट हवी.

जोर: आधी पाय, मग कंबर, मग खांदा, शेवटी हात. नुसत्या हाताने फेकलं तर खांदा दुखेल, अंतर वाढणार नाही.

वाराही बघा. समोरून वारा असेल तर वर उचललेली कड आणखी महागात पडते. २०१६ मध्ये डेव्हिड विगिन्स ज्युनिअरने ३३८ मीटरचा विक्रम केला, तेव्हा वारा पाठीशी होता.

म्हणून नवी डिस्क घेण्याआधी दहा थ्रो अर्ध्या जोराने फेका आणि शूट करा. सुधारणा फुकटात होईल.