अश्लीलतेचा निकाल लागला, सुरक्षिततेचे काय?

मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सीमाशुल्क खात्याचे एक अपील फेटाळले. आयात केलेले ‘बॉडी मसाजर’ कामसुखासाठीही वापरता येतील, म्हणून १९६४ च्या अधिसूचनेनुसार ते अश्लील ठरतात, असा खात्याचा दावा होता. ही आयुक्तांची निव्वळ कल्पना असल्याचे न्यायालयाने सुनावले.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवणाऱ्या र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. अज्ञान जपायचे की आरोग्य, हा तेव्हाचा प्रश्न आजही कायम आहे.

मी बेंगळुरूच्या व्हाइटफील्डमध्ये राहतो. येथील संगणक कंपन्यांत महाराष्ट्रातून आलेले अनेक तरुण काम करतात. खासगी सुखाची साधने आता मोबाइलवरून मागवता येतात आणि निनावी खोक्यातून दारात येतात. ही गोपनीयता आवश्यकच आहे. परंतु तिच्या आड माहितीही झाकली जाते. निरोधच्या पाकिटावर मुदत छापलेली असते. या साधनांच्या बाबतीत मात्र ते कशाचे बनले आहे, एवढेही अनेकदा कळत नाही. येथे झाकली मूठ सव्वा लाखाची नसते.

वास्तविक नियम साधे आहेत. सच्छिद्र, उग्र वासाच्या प्लास्टिकपेक्षा वैद्यकीय दर्जाचे सिलिकॉन बरे. वापरापूर्वी व नंतर साधन साबणाने धुऊन कोरडे करावे. विद्युत भागात पाणी जाऊ देऊ नये. सिलिकॉनच्या साधनासोबत पाण्यावर आधारित वंगण वापरावे. तेलाने लॅटेक्सचा निरोध फाटू शकतो. एकच साधन दोघांनी वापरायचे असल्यास दर वेळी नवा निरोध चढवावा. गुदद्वारासाठी रुंद बुडाचेच साधन घ्यावे. अन्यथा ते आत अडकते. वेदना किंवा रक्तस्राव झाल्यास थांबावे आणि संकोच न करता डॉक्टरांना खरे सांगावे. आणि जोडीदाराची संमती दर वेळी नव्याने विचारावी.

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०२१ मध्ये या साधनांच्या सुरक्षिततेसाठी ‘आयएसओ ३५३३’ हे मानक प्रसिद्ध केले. नैतिकतेच्या पहाऱ्यावर जेवढी शक्ती आपल्या यंत्रणेने खर्च केली, तिचा थोडा अंश जरी अशा मानकांच्या अंमलबजावणीवर खर्च झाला, तरी ग्राहकाचे रक्षण होईल. न्यायालयाने दार उघडले आहे. आत प्रकाश नेण्याचे काम शासनाचे आहे.