फवारणी पंपातील हवेचा दाब

हवा भरून वापरण्याच्या पंपाने फवारताना पहिल्या ओळींत तुषार बारीक पडतात, पुढे थेंब मोठे होऊन औषध पानांवरून ओघळते. अशा वेळी औषधाला दोष देण्यापूर्वी टाकीतील हवेकडे पाहावे. शाळेत मुले सिरिंजचे तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबतात. तापमान तेच असता हवा निम्म्या जागेत कोंडली की दाब दुप्पट होतो. रॉबर्ट बॉइल यांचा १६६२ सालचा हा नियम पंपासही लागू पडतो.

समजा, १० लिटरच्या पंपात ७.५ लिटर द्रावण घातले व उरलेल्या जागेत हवा भरून दाबमापकावर दर चौ. सें.मी.ला ३ किलो दाब आणला. बाहेरच्या वातावरणाचा सुमारे १ किलो मिळवून खरा दाब ४ किलो झाला. अडीच लिटर फवारले की हवेला ५ लिटर जागा मिळते, खरा दाब २ वर येतो आणि मापकावर उरतो अवघा १ किलो. हौसेने ९ लिटर द्रावण भरल्यास हीच पाळी एक लिटर संपताच येते! म्हणून पाव टाकी रिकामी ठेवावी व मधूनमधून हवा भरावी. (सतत दांडा मारण्याच्या पाठीवरील पंपास हा हिशेब लागू नाही.)

दाब भरलेला पंप उन्हात ठेवू नये. आतील हवा २७ वरून ५७ अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यास खरा दाब दहा टक्क्यांनी वाढतो. मापकावर ३ चे ३.४ होतात. झाकण काढण्यापूर्वी दाब सोडून द्यावा, नाहीतर विषारी द्रावण तोंडावर उडते.