पेवातली ज्वारीही श्वास घेते



कणगीतली ज्वारी निर्जीव दिसते, पण तोच दाणा पेरला की उगवतो. म्हणजे दाण्यात जीव आहे. आणि जीव म्हटला की त्याला खायला लागते. दाणा आपल्याच पोटातले पीठ थोडे थोडे खात असतो.

ते कसे? पिठाची आधी साखर होते. पेशीत त्या साखरेचा प्राणवायूशी संयोग होतो. चुलीत लाकूड भडभडा जळते. पेशीत साखर पायरीपायरीने, ज्वाळेवाचून जळते. आपण खाल्लेल्या भाकरीचेही अंगात हेच होते. निघालेल्या शक्तीचा काही भाग पेशी कामाला लावते, बाकीची उष्णता होते. एक किलो ग्लुकोज साखर अशी पुरती जळाली, तर सुमारे दीड किलो कार्बन डायऑक्साइड वायू आणि 600 ग्रॅम पाणी तयार होते.

वाळलेल्या दाण्यात हे काम अगदी मंद चालते. दाणा ओला असला की वेग वाढतो. त्यात बुरशी आणि किडे यांच्या श्वासाची भर पडते. पोत्यात हात घातला तर ऊब लागते, कोंदट वास येतो. म्हणून ओलावा 12 टक्क्यांच्या आत आल्यावरच ज्वारी भरावी. दाताखाली दाणा कटकन फुटला पाहिजे.

जुनी माणसे पेवाचे तोंड पक्के लिंपून घेत. आतला प्राणवायू सरला की किडे मरत आणि धान्य टिके. पण ज्या हवेत किडा जगत नाही, तिच्यात माणूसही जगत नाही. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड असतो. तो तळाशी साचून राहतो, आणि डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून पेव उघडल्याबरोबर कोणीही आत उतरू नये. तोंड मोकळे ठेवून पंख्याने आत भरपूर हवा खेळवावी. कंदील सोडून पाहण्याची रीत आहे. कंदील विझला तर उतरूच नये. मात्र तो जळत राहिला म्हणजे धोका टळला, असेही समजू नये. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधावा आणि वर दोन धडधाकट माणसे उभी करावीत.

आत कोणी कोसळला, तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. भावामागे भाऊ असाच जातो. दोराने वर ओढा आणि 112 क्रमांकावर मदत मागवा.

जुना आड किंवा बंद टाकी साफ करतानाही हेच पथ्य पाळा. घरातल्या पोरांनाही हे समजावून सांगा.