खांद्याचे पाते मोडले? छातीही तपासा!

रस्त्यावरील अपघातानंतर रुग्णालयात आणलेल्या व्यक्तीच्या अंगावर पुष्कळदा मोठी जखम दिसत नाही. 'मुका मार लागला आहे,' असे म्हणून नातेवाईक स्वतःची समजूत घालतात. मात्र खांद्यामागे तीव्र वेदना होत असतील आणि हात उचलता येत नसेल, तर खांद्याचे पाते मोडल्याची शंका घ्यायला हवी. शास्त्रीय परिभाषेत या हाडाला अंसफलक म्हणतात.

हे त्रिकोणी, चपटे हाड बरगड्यांच्या मागे स्नायूंच्या जाड थरांत असते. ते बरगड्यांवरून सरकत असल्याने धक्क्याचा जोर बराचसा विरून जातो. म्हणूनच सर्व अस्थिभंगांत त्याचे प्रमाण जेमतेम एक टक्का आहे. इतके सुरक्षित हाड मोडते, त्याअर्थी आघात जबरदस्त असतो. वेगवान वाहनाची धडक किंवा उंचावरून पडणे ही त्याची प्रमुख कारणे होत. अशा वेळी बरगड्या मोडणे, फुफ्फुसाला मार लागणे, छातीच्या पोकळीत हवा अथवा रक्त साचणे, तसेच डोक्याला इजा होणे, असे प्रकार बहुसंख्य रुग्णांत आढळतात.

गंभीर दुखापतींच्या धावपळीत हा अस्थिभंग नजरेतून निसटतो. अमेरिकेत १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा १०० रुग्णांपैकी ४३ जणांचा अस्थिभंग छातीच्या पहिल्या एक्स-रे तपासणीत ओळखला गेला नव्हता. आता सीटी स्कॅनमुळे निदान सोपे झाले आहे.

पाते मोडले म्हणजे रुग्णाच्या जिवाला हमखास धोका, असे पूर्वी मानले जाई. नंतरच्या अभ्यासांनी ही समजूत दुरुस्त केली. अशा रुग्णांत छातीच्या दुखापती अधिक गंभीर असतात, हे खरे. परंतु केवळ या अस्थिभंगामुळे मृत्यूचे प्रमाण वाढत नाही. रुग्णाचे भवितव्य ठरते ते फुफ्फुस, मेंदू आणि रक्तवाहिन्यांना झालेल्या इजेवर. हा अस्थिभंग म्हणजे धोक्याची सूचना आहे. प्रत्यक्ष धोका नव्हे.

भोवतालच्या स्नायूंतून भरपूर रक्तपुरवठा होत असल्याने हे हाड सहसा शस्त्रक्रियेविना जुळून येते. दोन ते तीन आठवडे हात झोळीत ठेवून विश्रांती आणि त्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू व्यायाम, एवढे बहुतेकांना पुरते. व्यायाम टाळल्यास मात्र खांदा आखडतो. खांद्याच्या सांध्याची खोबण फुटली असेल किंवा तुकडे फार सरकले असतील, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

फुफ्फुसाला लागलेल्या माराचे परिणाम पहिल्या २४ ते ४८ तासांत वाढू शकतात. त्यामुळे 'आता बरे वाटते' म्हणून घरी नेण्याचा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. घरी आल्यावर दम लागणे, छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त पडणे किंवा हाताला बधिरपणा येणे, यांपैकी काहीही जाणवल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.