दहीकाल्याच्या रात्री पडलेली स्वप्नं

लहानपणी पेडण्यात आम्ही दशावतार बसून कमी आणि आडवं होऊन जास्त पाहिला. देवळाच्या मंडपात गोधडी अंथरायची, आजीच्या मांडीवर डोकं टेकायचं आणि संकासुर हसवून आत गेला की डोळे मिटायचे. मध्येच पखवाज कडाडला की जाग यायची. कुणी राक्षस राजावर धावून गेलेला असायचा, कुणी राणी टाहो फोडत असायची. पुन्हा डोळा लागायचा. पहाटे हंडी फुटेपर्यंत नाटकाचा आणि स्वप्नांचा असा काला झालेला असायचा, की राजाच्या दरबारात आमच्या शाळेचे मास्तर कसे येऊन बसले हे घरी पोचेपर्यंत उलगडत नसे. वाटेत आजी विचारायची, "सपान काय पडलां गो, बाय?" मी घडाघडा चार-पाच सांगायची. एरवी घरच्या बिछान्यात रात्रभर गाढ झोपून उठलं की त्याच प्रश्नाला उत्तर एकच, "कायच नाय."

आजीच्या मते हा देवळात झोपल्याचा गुण. गुण होता खरा, पण पखवाजाचा.

"मला स्वप्नंच पडत नाहीत," असं ठामपणे सांगणारे गृहस्थ प्रत्येक घरात एक तरी असतात. त्यांच्या म्हणण्यात फारसं तथ्य नाही. 1953 साली शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नेथनियल क्लाइटमन यांनी नोंदवलं, की झोपलेल्या माणसाची बुबुळं ठराविक अंतरानं मिटल्या पापण्यांखाली भराभर हलू लागतात. त्याच वेळी माणसाला उठवलं, तर बहुतेक जण स्वप्न सांगतात. पुढे क्लाइटमन यांनी विल्यम डिमेंट यांच्यासोबत मोजदाद केली, तेव्हा असं दहादा उठवल्यावर साधारण आठ वेळा स्वप्न हाती लागलं. ही झोप सुमारे दर दीड तासानं येते. पहिली खेप जेमतेम दहा मिनिटांची, पहाटेची मात्र अर्ध्या तासाचीही असू शकते. सगळ्या खेपा मिळून रात्रीत दीड-दोन तास होतात. स्वप्नं इतर झोपेतही पडतात, पण लांबलचक, रंगीत आणि अतर्क्य कारभार मुख्यतः इथला.

'पहाटेचं स्वप्न खरं होतं' हा समज आपल्याकडे आहे, तो इथे तपासून पाहावा. अग्निपुराणात तर वेळापत्रकच दिलेलं आहे: पहिल्या प्रहरातलं स्वप्न वर्षानं फळतं, दुसऱ्यातलं सहा महिन्यांनी, तिसऱ्यातलं तीन महिन्यांनी, अरुणोदयाचं दहा दिवसांत. फळण्याचं मी काही सांगू शकत नाही. पण पहाटे स्वप्नांची खेप सर्वांत लांब असते आणि तिच्यातूनच आपण थेट उठतो, म्हणून आठवतं ते बहुधा पहाटेचंच. जे आठवतं तेच खरं होऊ शकतं. पहिल्या प्रहरातल्या स्वप्नाचा पडताळा बघायला ते लक्षात कुणाच्या असतं?

आता ते लक्षात का राहत नाही? जागेपणी एखादी गोष्ट मनावर ठसायची, तर मेंदूत नॉरॲड्रेनलिन नावाचं रसायन हाताशी लागतं. स्वप्नांच्या झोपेत ते सोडणाऱ्या पेशी जवळपास गप्प होतात. दरबार भरलेला आहे, सवाल-जवाब रंगलेत, आणि लिहून घेणारा कारकून मात्र डुलक्या घेतोय, असा तो प्रकार. शिवाय पुसणाराही कुणी असावा. 2019 साली जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या अकिहिरो यामानाका यांच्या गटानं उंदरांच्या मेंदूत अशा काही पेशी दाखवल्या, ज्या या झोपेत जाग्या होतात आणि आठवणी साठवणाऱ्या भागाच्या कामात अडथळा आणतात. त्या बंद ठेवल्या तेव्हा उंदरांची स्मरणशक्ती सुधारली. उंदराला स्वप्न विचारता येत नाही, त्यामुळे माणसाबद्दल यावरून अंदाजच बांधायचा.

तरी काहींना रोज आठवतं, काहींना महिनोन्‌महिने नाही, हे का? फ्रान्समधल्या लियों शहरात पेरिन रुबी आणि सहकाऱ्यांनी दोन्ही प्रकारची माणसं झोपवून पाहिली. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, स्वप्नं आठवणारे लोक झोप लागल्यावर मध्ये मध्ये एकूण सुमारे अर्धा तास जागे असत. न आठवणारे त्याच्या निम्मा वेळ. स्वप्न पडत असताना किंवा संपता संपता क्षणभर जाग आली, तर कारकून दचकून उठतो आणि दोन ओळी खरडतो. म्हणजे दशावताराच्या मंडपात पखवाज करायचा तेच.

डिचोलीला रस्त्यालगत राहणाऱ्या माझ्या मावशीकडे हे काम खनिजाचे ट्रक करायचे. पहाटेपासून रांग लागायची, भांडी थरथरायची. तिची स्वप्नंही तशीच, धुळीची आणि भोंग्यांची, पण रोज एक नवं. 2012 साली खाणी थांबल्या, घरात रोजगाराची चिंता शिरली आणि रस्त्यावर शांतता. मावशी म्हणाली, "ट्रक गेले आणि सपनां घेवन गेले." तेव्हा आम्ही हसलो होतो.

हुकलेल्या स्वप्नाची सर्वांत मोलाची गोष्ट ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराची. ऑटो लोवी या शास्त्रज्ञाला रात्री एका प्रयोगाची कल्पना स्वप्नात सुचली. अर्धवट झोपेत त्यानं चिठोऱ्यावर ती लिहिलीही. सकाळी स्वतःचं अक्षर त्यालाच लागेना. दिवसभर डोकं खाजवलं, व्यर्थ. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न परत आलं. या वेळी लिहीत न बसता तो उठून थेट प्रयोगशाळेत गेला. बेडकांच्या हृदयांवरचा हा प्रयोग 1921 साली प्रसिद्ध झाला आणि मज्जातंतू रसायनातून बोलतात हे सिद्ध झालं. 1936 साली त्याला नोबेल मिळालं. ते रसायन निघालं ॲसिटिलकोलिन, स्वप्नांच्या झोपेत मेंदूत जे भरपूर असतं तेच!

आपल्याकडे कितीतरी देवस्थानांच्या कथेत देव कुणाच्या तरी स्वप्नात येऊन दृष्टांत देतो. त्या कथांतली माणसं काय करतात पाहा: तडक उठतात, घरच्यांना उठवून सांगतात आणि उजाडताच दाखवलेल्या जागी जातात. कूस बदलून पुन्हा झोपलेल्या माणसाची आख्यायिका अजून मी ऐकलेली नाही. अग्निपुराणही म्हणतं, शुभ स्वप्न पडल्यावर पुन्हा झोपू नये; वाईट पडलं तर ते सांगून टाकावं आणि खुशाल झोपावं. ठेवायचं कसं आणि घालवायचं कसं, दोन्ही आलं.

बाकी युक्त्या साध्याच आहेत. जाग आली की हलू नये, डोळे उघडू नयेत, ज्या कुशीवर आहोत तिथंच पडून शेवटचं चित्र पकडावं आणि शेपटाकडून डोक्याकडे जावं. आठवेल ते कुणाला सांगावं किंवा लिहावं. वाक्य होत नसेल तर तीन शब्द चालतील. मोबाइलला हात लावू नये. 1973 साली अमेरिकेत काही जणांना उठल्याबरोबर फोन फिरवून हवामानाचा अंदाज ऐकायला आणि मग स्वप्न लिहायला सांगितलं होतं. नुसतं पडून राहिलेल्यांपेक्षा त्यांना कमी आठवलं. आपण तर उठल्या उठल्या अख्ख्या जगाचं हवामान ऐकतो.

झोपताना 'आज आठवायचं' असं स्वतःला बजावण्याचाही उपयोग होतो. शापोरा ओलांडून बार्देसात गेलं की कांदोळी गाव लागतं. तिथं 1756 साली जन्मलेल्या आबे फारियानं पॅरिसमध्ये हेच वेगळ्या संदर्भात सांगितलं होतं: संमोहनाची शक्ती संमोहकाच्या हातात नसते, ती झोपणाऱ्याच्याच मनात असते. संमोहन म्हणजे झोप नव्हे, पण पणजीत जुन्या सचिवालयाशेजारच्या त्याच्या पुतळ्यापाशी मला हे हमखास आठवतं.

उर्राकच्या मोसमात मात्र वही मिटून ठेवावी. दारू रात्रीच्या पूर्वार्धात स्वप्नांची झोप दाबते आणि उत्तरार्धात ती तुकड्या-तुकड्यांनी उसळते. नैराश्यावरची काही औषधंही स्वप्नं कमी करतात. पण त्यासाठी गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. आणि घरातलं वयस्क माणूस झोपेत ओरडून हातपाय झाडत असेल, स्वप्नातली मारामारी पलंगावर करत असेल, तर कौतुक करत न बसता डॉक्टरांना दाखवावं. पार्किन्सनसारख्या आजाराची ती कधी कधी वर्षानुवर्षं आधीची खूण असते.

पेडण्याची पुनव म्हणजे कोजागिरी. त्या रात्री भगवतीच्या देवळापुढे गाव जागतो. जागरणानंतर मेंदू आधी गाढ झोपेची थकबाकी वसूल करतो, मग स्वप्नांची. म्हणून गेल्या पुनवेनंतर दोन दिवसांनी मी उशाशी वही-पेन्सिल ठेवून झोपले. पहाटे जाग आली, अंधारातच लिहिलं, समाधानानं पुन्हा डोळे मिटले. सकाळी वही उघडली. 'आजी', 'गोधडी', 'मास्तर हसले' एवढं लागलं. खाली आणखी तीन ओळी आहेत, त्या अजून लागलेल्या नाहीत.