गायरानावरचा उन्हाळा

उन्हाळा म्हटला की पाठ्यपुस्तकात मामाचा गाव येतो, आमराई येते, वाड्याच्या सावलीत रवंथ करणारी गुरे येतात. नांदेडच्या महाविद्यालयात मीही हेच शिकवतो. परंतु सुट्टी लागताच मी ज्या घरी जातो तेथील उन्हाळा निराळा आहे. तो समजून घ्यायचा तर आधी जमीन कोणाची, हा प्रश्न विचारावा लागतो.

आमचे घर अहमदपूर तालुक्यात गायरानावर आहे. दोन एकर माळ, पत्र्याचे छप्पर, एक गाय, पाच शेळ्या, थोड्या कोंबड्या. विहीर नाही. माय डोक्यावर पाणी आणते. आंघोळीचे पाणी शेवग्याला जाते, भांड्यांचे दोडक्याच्या वेलाला. हीच आमची बाग. शेळ्या पहाटे सोडायच्या, ऊन तापायच्या आत आणायच्या, दुपारी बाभळीच्या शेंगा घालायच्या. मग धसकटे वेचणे, उकिरडा रानात टाकणे आणि मिरगाची वाट पाहणे.

आपल्या भागाची देवणी आणि लाल कंधारी जनावरे नावाजलेली आहेत. पण गुरे जगतात ती वैरणीवर. सोयाबीन वाढले, ज्वारी हटली, आणि ज्वारीबरोबर कडबाही गेला. ज्याच्याकडे वैरण नाही त्याच्या दावणीची गाय आधी जाते. म्हणून दलिताच्या दारात शेळी दिसते. उस्मानाबादी शेळी झुडपांवर जगते, बहुधा जुळी देते. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात दोन बोकड विकले की आमचे बियाणे येते. शेळी ही आमची बँक आहे, कारण खरी बँक सातबारा मागते.

आणि सातबाऱ्यावर आमचे नाव नाही. बाने माझ्या जन्माआधी हा माळ फोडला. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, तेव्हापासून 'पडीक जमीन कसणाऱ्याला द्या' ही मागणी वस्तीवस्तीत पोचली होती. २८ नोव्हेंबर १९९१ रोजी शासनाने निर्णय काढला: १४ एप्रिल १९९० पर्यंत शेतीसाठी केलेली अनुसूचित जाती, जमाती व नवबौद्ध भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करावीत. निर्णय झाला, पण पुरावा कसणाऱ्याने द्यायचा होता. अतिक्रमणाची नोंद गाव नमुना १-ई मध्ये व्हावी लागते. ज्याने नोंद करायची तो गावातल्या बड्यांच्या ओसरीवर बसणारा. आमची नोंद राहिली.

याचा परिणाम उन्हाळ्यात दिसतो. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्याला विहिरीसाठी अनुदान देणारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना २०१७ पासून आहे. तिला सातबारा लागतो. म्हणजे ज्याला पाणी सर्वांत दूर, त्यालाच विहीर नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. देशाने ते पाहिले. आमच्या माळावरची घागर कोणाला दिसली नाही.

पुढे २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. त्याच निकालात, शासनाच्या आदेशाने भूमिहीन व अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवादही सांगितला आहे. नोटीस काढताना निकालाचा पहिला भाग वाचला जातो, दुसरा गाळला जातो. गायरान वाचले पाहिजे, हे खरेच आहे. आमच्या शेळ्याही त्याच गायरानावर चरतात. पण धनदांडग्याचा गोदामाचा कब्जा आणि भूमिहीनाचे दोन एकर पोट, यांना एकाच मापाने मोजणे हा न्याय नव्हे.

या उन्हाळ्यात आम्हांलाही नोटीस आली. माय पत्र्याची पेटी घेऊन बसली. दंडाच्या दोन पावत्या निघाल्या. एकीवरचे साल वाळवीने खाल्लेले.

"ही चिंच बानं त्याच साली लावली," माय म्हणाली. "ती दाखव की त्यांना."

चिंचेची साक्ष कोणत्याही नमुन्यात बसत नाही, हे मी तिला सांगू शकलो नाही. पण दुसऱ्या पावतीवरचे साल शाबूत आहे: १९८७. तिच्या आधारे आम्ही नोंदीचा अर्ज केला आहे.

म्हणून शिक्षक-विद्यार्थी मित्रांना सांगणे एवढेच: सुट्टीत गावी गेलात तर गाव नमुना १-ईची नक्कल मागा, पावत्या गोळा करा, वाळवी लागण्याआधी त्यांच्या प्रती काढा. मामाच्या गावावरचा निबंध नंतर लिहिता येईल.