बोलण्यात माय, कागदावर बाप

जालना, अंबड, परतूरकडच्या जुन्या घरांत ‘आई’पेक्षा ‘माय’ जास्त ऐकू येते. संस्कृत ‘मातृ’, प्राकृत ‘माआ’ आणि मग ‘माय’ अशी या शब्दाची सरळ वाट. माहेर, मावशी, माउली ही त्याच गोतातली. ‘आई’चे नाते मात्र दक्षिणेकडे जोडले जाते, कन्नडमध्ये ‘आयी’ आहे, तमिळमध्ये ‘आय्’.

मराठीत ‘आई’ केवळ जन्मदात्रीपुरती कधीच नव्हती. तेराव्या शतकातल्या महानुभाव पंथात महदाइसा, रूपाइसा अशी नावे भेटतात. तिथली ‘आई’ मानाची आहे. मुक्ताई, जनाई, रमाई ही त्याच वळणाची. जालन्याला खेटून असलेल्या सिंदखेड राजाच्या जिजाऊंच्या नावातला ‘आऊ’ही तसाच. पटकीच्या भयाने पुजलेल्या मरीआईला हाच शब्द मिळाला. ‘माउली’ तर ज्ञानेश्वरांना, म्हणजे पुरुषाला लागली. आषाढीनंतर शेगावची पालखी अंबड-जालन्यावरून परतते, तेव्हा वाटेवरचा प्रत्येक जण माउली असतो.

मराठवाडी बोलीत ‘माय’ आणखी सैल झाली. ‘न्हाई माय’, ‘काय सांगू माय’ असे बाई शेजारणीला म्हणते, सुनेला म्हणते, स्वतःच्या लेकीलाही. उलट एकत्र कुटुंबात सख्ख्या आईला पोरे बाई, काकू नाहीतर वहिनी म्हणत. घरातली थोरली तिला जी हाक मारत, तीच धाकट्यांच्या तोंडी बसे. आता तिथे ‘मम्मी’ आली आहे. त्यावर गळे काढण्यात अर्थ नाही. हाक बदलली तरी माणूस तेच राहते.

खरी अडचण हाकेची नाही, कागदाची आहे. निजामाच्या राज्यात दप्तर उर्दूत होते आणि माणसाची ओळख ‘वल्द’ने, म्हणजे अमक्याचा मुलगा अशी लिहिली जाई. बाईच्या नावापुढे ‘भ्र.’, म्हणजे भ्रतार, आणि पुढे नवऱ्याचे नाव. सातबाऱ्यावर ‘आई’ हा शब्द येतो तो बहुधा एकाच जागी: बाप वारल्यावर अज्ञान वारसाच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. त्यामागे 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा आहे. त्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप आणि ‘त्याच्यानंतर’ आई. हे ‘नंतर’ म्हणजे बापाच्या मृत्यूनंतरच असे नव्हे, तो हयात असूनही पालकत्व निभावत नसेल तर आईच पालक, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन खटल्यात 1999 साली लावला.

मार्च 2024 मधल्या राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयाने पुढचे पाऊल टाकले. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरला. गोदाकाठाला यात नवे काही नाही. जालन्याशेजारच्या पैठणहून राज्य करणारे सातवाहन राजे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणवत. अर्थात ती नावे आईच्या गोत्रावरून पडलेली होती आणि गादी बापाकडूनच मुलाकडे जात होती. त्यामुळे त्यांना मातृसत्तेचा पुरावा मानणे उतावीळपणाचे ठरेल.

तोच सावधपणा आजच्या निर्णयालाही लागू आहे. जन्मदाखल्यावर नाव लिहायला खर्च येत नाही; सातबाऱ्यावर लिहायचे तर वाटा द्यावा लागतो. विवाहितेच्या नावापुढे नवऱ्याचे नाव लावण्याची रीतही या निर्णयाने कायम ठेवली आहे. म्हणजे लेकराच्या नावात आई आली, पण आईच्या स्वतःच्या नावात तिची आई अजून आलेली नाही. बापाच्या हयातीत, मालक म्हणून ती किती सातबाऱ्यांवर चढते, यावरच या निर्णयाचे मोल ठरेल.